खळ्यावरची तूर ते वसतिगृहाची कोठी : प्रकल्प नोंदी, हंगाम २०२४-२५

औसा तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी (४१२ सभासद), भागीदार म्हणून एक विकास संस्था आणि तीन ग्राहक: लातूर शहरातली चार वसतिगृहांची मिळून एक खानावळ, एक धर्मादाय रुग्णालय आणि निवासी शाळांना शिधा पुरवणारा एक ठेकेदार. काम एवढंच की सभासदांची तूर घ्यायची, डाळ करून घ्यायची आणि फेब्रुवारी ते जून दरमहा २८ क्विंटल पोचवायची. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. जिथे पैसा किंवा दिवस वाया गेले तिथे आकडा दिलेला आहे.

११ नोव्हेंबर २०२४

तूर अजून शेंगेत आहे. आधी ग्राहकांकडे चक्कर.

भागीदार संस्थेच्या मूळ आराखड्यात "महिन्यातून एकदा ५ टन पुरवठा" असं लिहिलं होतं. खानावळीची कोठी उघडून बघितल्यावर तो आराखडा तिथेच बाद झाला. तांदूळ, गहू, तेलाचे डबे ठेवून डाळीला जागा उरते जेमतेम ८ क्विंटलची. हजार मुलं, माणशी दिवसाला दोन्ही वेळची मिळून ५० ग्रॅम डाळ, म्हणजे रोज ५० किलो. पंधरवड्याला एक खेप लागणार. ३० किलोचे २५ कट्टे, साडेसात क्विंटल. एवढा माल छोट्या हत्तीत बसतो. औशाहून भाडं ९०० रुपये.

कुठल्याही व्यवस्थापकाने पहिला प्रश्न दराचा विचारला नाही. तिघांनीही विचारलं ते असं: दर खेपेला डाळ सारखीच येईल का? रविवारी संपली तर? बिल कोणाच्या नावाने? दराचं बोलणं शेवटी, निघताना.

नमुना मागितला. नवी तूर हातात नव्हती, म्हणून मोंढ्यातून (लातूरच्या धान्यबाजारातून) दोन किलो चांगली डाळ घेऊन दिली. ही चूक होती. ती महागात कशी पडली ते ५ फेब्रुवारीच्या नोंदीत आहे.

२७ नोव्हेंबर

करार. तीन बैठका गेल्या, त्यातल्या दोन दरावर.

खानावळीला जूनपर्यंत एकच ठरलेला दर हवा होता. मान्य केला नाही. तुरीचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) जानेवारी २००७ पासून बंद आहेत, त्यामुळे भाव फिरला तर तो धोका दुसऱ्या कुणाच्या गळ्यात टाकायची सोय नाही. शिवाय आयात खुली आहे; म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेचा माल बंदरावर कधी लागेल त्यावर लातूरचा भाव हलतो. पाच महिने एकच दर धरणं म्हणजे सभासदांच्या भांडवलावर जुगार.

मग सूत्र ठरलं: लातूर बाजार समितीच्या मागच्या आठवड्यातल्या सर्वसाधारण दराची सरासरी, भागिले ७०, अधिक ८ रुपये. तूर ७,३५० असेल तर १०५ अधिक ८, म्हणजे ११३ रुपये किलो, कोठीपोच. ७० हा आकडा अशासाठी की क्विंटलभर कच्च्या तुरीतून माती-काडी, चुनी (डाळीचा चुरा), टरफल, कणी (तुटकी डाळ) गेल्यावर विकण्याजोगी डाळ ७० किलोच्या आसपास उरते. आठ रुपयांत मिलची मजुरी, बारदाना, वाहतूक, व्याज आणि उरलं तर कंपनीचं. चुनी-कणीचे पैसे वेगळे कंपनीकडेच. दर महिन्याच्या १ तारखेला नवा दर लागू. एका महिन्यात किलोमागे ८ रुपयांहून जास्त फरक पडला तर दोघांनी पुन्हा बसायचं.

संस्थेच्या अधिकाऱ्यांनी मसुद्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा 'पर्चेस फॉर प्रोग्रेस' हा प्रयोग पुढे ठेवला होता. २००८ पासून वीस देशांत तो राबवला गेला. छोट्या शेतकऱ्यांच्या गटांकडून मदतकार्यासाठी धान्य घ्यायचं, काही ठिकाणी पेरणीच्या वेळीच आगाऊ करार करून. त्यावरून सुचलेलं एकच कलम आम्ही करारात घातलं, पण ते फार कामाचं निघालं: ठरलेल्या मालापैकी १५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त झाल्यास दंड नाही, मात्र दहा दिवस आधी कळवायचं. गटाच्या हातात माल येईपर्यंत तो सभासदाचा असतो आणि मोंढा चढला की तो बाहेर जातो, हे तिकडेही झालं होतं. इथे होणार नाही असं धरून चालणं शहाणपणाचं नाही.

ब्राझीलमध्ये शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीला राखायचा कायदा २००९ मध्ये झाला. आपल्याकडच्या ठेकेदाराला असलं काही बंधन नाही. त्याला आपण परवडलो तरच तो घेणार, हे धरूनच त्याच्याशी बोललो.

९ डिसेंबर

कागदपत्रं. अन्नसुरक्षेचा राज्य परवाना लागला, कारण वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या वर जाणार. तेव्हा १२ लाखांच्या आत असेल तर नुसती नोंदणी पुरायची. उद्यम नोंदणी केली. 'प्रक्रिया' असा व्यवसाय लिहिला, 'व्यापार' नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचं जे कायदेशीर बंधन आहे ते निव्वळ व्यापाऱ्याला लागू होत नाही, म्हणून हा शब्द महत्त्वाचा. थेट पणन परवाना (बाजार समितीबाहेर शेतकऱ्याकडून थेट खरेदीचा) आधीपासून होता.

बारदान्यात चूक झाली. २५ किलोचे छापील कट्टे ६०० नग, १७ रुपयांनी, मागवून बसलो. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यापुढच्या वजनाला नाही. सनदी लेखापालांचं म्हणणं असं की संस्थेला तिच्या वापरासाठी थेट दिलेल्या मालाला वजनमापाच्या नियमांत सूट आहे, म्हणून हा करही लागत नाही. असेलही. पण प्रत्येक बिलावर ग्राहकाच्या हिशेबनिसाशी तो वाद कोण घालणार? ३० किलोचे कट्टे घेतले, १९ रुपयांनी ४५०. आधीचे १०,२०० रुपये पाण्यात. ते कट्टे छापील बाजू आत करून चुनी भरायला वापरले.

६ जानेवारी २०२५

खरेदी सुरू. ३० डिसेंबरला येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) होती; तिच्या आधी-नंतरचे मिळून पाच दिवस ना मळणी यंत्र मिळालं ना माणूस. दरवर्षी होतं, तरी वेळापत्रकात धरलं नव्हतं.

वाण दोन ढिगांत. पांढरी (बीडीएन-७११) वेगळी, तांबडी (बीडीएन-७१६ आणि बीएसएमआर-७३६) वेगळी. दाण्याचा आकार आणि टरफलाची जाडी सारखी नसते. एकत्र मिलला गेली की एकीचं टरफल निघतं आणि दुसरीवर लालसर ठिपके राहतात, आणि ते काढायला रोलर आवळला की पहिलीची कणी होते. नुसतं "गावरान" म्हणून आलेलं पोतं सरसकट तांबड्यात.

ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तरच घ्यायचा, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मीटर ११.२, ११.४, ११.१ दाखवत होता, सगळे खुशीत. तिसऱ्या दिवशी एका सभासदाने मूठभर दाणे घेतले, एक दाढेखाली धरला. दाणा कट्‌ न वाजता चपटा झाला. ते म्हणाले, "मशीन काय बी म्हणू द्या दादा, ही तूर अजून दोन उन्हं मागतीया." मीटर तपासला तर पिकाचा क्रमांक हरभऱ्यावर होता. कुणीतरी मागच्या हंगामात लावला, कुणी बदलला नाही. तुरीवर आणल्यावर तोच दाणा १३.१. गोदामातल्या मीटरवरही १३ च आला.

तोपर्यंत २२ क्विंटल घेऊन झाली होती. पैसेही दिलेले. ताडपत्रीवर दोन दिवस पसरून वाळवली. घट ३२ किलो आणि मजुरी. आता रोज सकाळी पहिलं काम म्हणजे मीटरच्या पडद्यावरचा पिकाचा क्रमांक बघून वहीत लिहायचा आणि सही करायची.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या तोंडावर प्रत्येकाला रोख हवी. मोंढ्यात पट्टी (विक्रीचा हिशेब होऊन पैसे) त्याच दिवशी होते, आमच्याकडे दोन दिवसांनी खात्यात. ही दोन दिवसांची फट लहान वाटते, पण नाव नोंदवलेल्यांपैकी ११ जणांनी माल परस्पर मोंढ्याला नेला. भावही दीडशेने चढला होता. त्यांना दोष देत नाही. लेकीची चोळी-बांगडी संक्रांतीलाच लागते, कंपनीच्या पैशांची वाट बघून चालत नाही.

यावर काय केलं: दर त्या दिवशीच्या लातूरच्या सर्वसाधारण दराएवढाच ठेवला, वर एक रुपया नाही. पण कडता (वजनातली कपात) नाही, हमाली-तोलाई नाही, नमुन्यापोटी मूठ-मूठ जाणारा माल नाही, गाडी कंपनीची. हे सगळं तोंडी सांगून कुणी मनावर घेत नव्हतं. मग एका सभासदाची मोंढ्याची पट्टी आणि आमची पावती शेजारी शेजारी लावून भिंतीवर चिकटवली. तीन क्विंटलमागे आमच्याकडे ३३५ रुपये जास्त हातात पडत होते. त्यानंतर गळती जवळपास थांबली.

हमीभावाबद्दलही खरं लिहून ठेवतो. या हंगामाचा हमीभाव ७,५५० आहे, आणि मोंढा त्याच्या खाली. ज्याची ई-पीक पाहणी झालेली आहे, नोंदणी आहे आणि ज्याला थांबणं जमतं त्याने सरकारी केंद्रावरच घालावी, असंच सभासदांना सांगितलं. आमच्याकडे आली ती थांबू न शकणाऱ्यांची तूर. कागदावर ते "लक्ष्य गट" असतात, पण त्यांना थांबता येत नाही याची किंमत आराखड्यात कुठेच धरलेली नसते.

२२ ते ३० जानेवारी

मिलिंग. स्वतःची मिल घेतलेली नाही आणि आत्ता घ्यायचीही नाही. राज्य सरकारच्या 'स्मार्ट'सारख्या प्रकल्पांतून यंत्रांना ६० टक्के अनुदान मिळतं म्हणून मिल उभी करायची टूम बऱ्याच कंपन्यांत आहे. पण १४० क्विंटल डाळीसाठी मिल म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग. लातूरमध्ये मजुरीवर भरडून देणाऱ्या मिल आहेत. दर ठरला क्विंटलला ४०० रुपये.

क्रम असा: चाळणी, खडे काढणं, रोलरवरून एकदा नेऊन टरफलाला ओरखडे, मग जवसाचं तेल (क्विंटलला ३०० ग्रॅम), रात्रभर ढिगात मुरवणं, तीन दिवस फरशीवर ऊन, हलका पाण्याचा हात, पुन्हा ढीग, मग टरफल काढणं आणि फोड. तिसऱ्या दिवशी ढग आले. मिलवाला म्हणाला अजून एक ऊन हवं. आम्ही ५ फेब्रुवारीच्या खेपेसाठी घाई केली. नीट न वाळलेलं टरफल सुटत नाही, रोलर आवळावा लागतो.

पहिल्या ७० क्विंटलचा उतारा क्विंटलमागे ६६ किलो डाळ असा आला. ठरवलेला होता ७०. कणीच नऊ किलो.

दुसरं कारण उशिरा कळलं. आमच्या आधी त्या मिलमध्ये दुसऱ्याचा माल चालू होता आणि डब्यांत-एलिव्हेटरात त्याचे दीड-दोन पोती दाणे राहिलेले. ते आमच्या पहिल्या पोत्यांत मिसळले. बारीक दाण्याची, वेगळ्या वाणाची तूर. पुढच्या लॉटपासून आपली दोन पोती आधी सोडून ती डाळ बाजूला काढतो, मगच मोजणी सुरू. आणि मिलवाल्याला सांगायचं की ७० क्विंटल एकदम आणू, दहा-दहा नाही. लहान लॉटला कुणी यंत्र रिकामं करून देत नाही.

५ फेब्रुवारी

पहिली खेप परत आली. पंचवीसच्या पंचवीस कट्टे.

नोव्हेंबरमध्ये दिलेला नमुना फटका डाळीचा होता: घासून गुळगुळीत, कडा गोल, चकचकीत. आम्ही पाठवली ती साधी, सव्वा नंबर या प्रतीची, वर कणी पाच टक्के. कोठीवरच्या माणसाने नमुन्याची बरणी काढली, शेजारी आमची ओंजळ ठेवली, आणि काही बोललाच नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

परत वाहतूक, पुन्हा चाळणी, हमाली आणि कणीची घट मिळून ६,४०० रुपये गेले. पाच दिवस खानावळीने बाजारातून डाळ घेतली.

दुरुस्ती: आता नमुना लॉटमधूनच. मिलवरून माल निघतानाच दर दहाव्या कट्ट्यातून बंबूने (कट्ट्यात खुपसायच्या नळीने) काढून एकत्र करायचा, त्यातून अर्धा-अर्धा किलोच्या तीन पिशव्या, सील, लॉट क्रमांक, दोघांच्या सह्या. एक कोठीवर, एक कंपनीत, एक संस्थेकडे. करारात 'चांगल्या प्रतीची डाळ' असं जे होतं ते खोडून लिहिलं: कणी २ टक्क्यांच्या आत, टरफलाचे ठिपके असलेले दाणे १ टक्क्याच्या आत, ओलावा १२ च्या आत (कायद्याची मर्यादा १४ आहे), घासून चमकवलेली नाही, रंग नाही. 'चांगली' या शब्दावर कधीही सही करू नये.

रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञांनी तिथेच डाळ पाण्यात हलवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बघितले. मेटॅनिल यलो रंग असेल तर पाणी गुलाबी होतं. भेसळीतल्या लाखेच्या डाळीचे चौकोनी, एका बाजूने उतरते दाणेही शोधले. दोन्ही नव्हतं. हे आपणच आधी करून लिहून द्यावं, समोरच्याचा अर्धा संशय तिथेच जातो.

१९ फेब्रुवारी

"डाळ शिजत नाही." खानावळीचा फोन. रुग्णालयाकडे तीच डाळ, त्याच लॉटची, आणि तक्रार काहीच नाही. म्हणून प्रत्यक्ष गेलो.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पातेल्यातली डाळ पळीने वर काढून दाखवली. पाणी वेगळं, डाळ वेगळी. दाणा बोटांत दाबला तर बाहेरून मऊ, मधे पांढरी कणी. "तुमची दाळ चांगली असंल हो दादा, पण माझ्या पातेल्यात ती एकजीव होईना. मग मी सोडा टाकते, अन् पोरं म्हणतेत चव गेली."

पातेल्याच्या आतल्या कडेला पांढरा, नखाने न निघणारा थर होता. पाणी बोअरचं.

तिथेच करून बघितलं. शंभर-शंभर ग्रॅम डाळ, दोन सारखे लहान कुकर, अर्धा तास भिजत, प्रत्येकी चार शिट्ट्या. एकात बोअरचं पाणी, एकात मुलांच्या पिण्याच्या जारचं. जारच्या पाण्यातली डाळ पळीच्या एका घाटणीत मोडली. बोअरच्या पाण्यातली तशीच दाणेदार. मग तिसरा कुकर लावला: बोअरचं पाणी, वर सुरुवातीलाच टोमॅटो घालून, कारण मावशी तसंच करायच्या. ती सगळ्यांत वाईट. जड पाण्यातला चुना-मॅग्नेशियम डाळीला घट्ट करतो, आंबट घातलं की आणखी.

ठरलं ते असं: डाळीपुरतं जारचं पाणी (एका वेळेला साठ-सत्तर लिटर, तेवढं त्यांचं शुद्धीकरण यंत्र देतं), तासभर भिजवण, टोमॅटो-चिंच डाळ घोटल्यावर. सोडा बंद. एका आठवड्यात तक्रार मिटली.

याआधी संस्थेच्या बैठकीत यावर उपाय म्हणून 'वाण बदल' आणि 'शेतकरी प्रशिक्षण' सुचवलं गेलं होतं. ग्राहकाच्या स्वयंपाकघरात एक तास उभं राहिलं असतं तर ती बैठकच लागली नसती. आता नव्या ग्राहकाच्या यादीत पहिला प्रश्न हाच: डाळ कुठल्या पाण्यात शिजते?

१ ते १२ मार्च

खरेदी बंद. पैसा संपला.

भागभांडवल ४.१२ लाख, संस्थेचा फिरता निधी ३ लाख. जानेवारीत ७० क्विंटलला ५.१४ लाख गेले, फेब्रुवारीत ८० क्विंटलला ५.८७ लाख. फेब्रुवारीत पोचवलेल्या डाळीचे पैसे ४५ दिवसांनी, म्हणजे एप्रिलमध्ये. कागदावर हे डिसेंबरातच दिसत होतं, पण 'ग्राहक थोडं आधी देईल' अशी आशा धरली. फक्त रुग्णालयाने २० दिवसांत दिले.

हातातल्या ७.१२ लाखांत हे भागणार नव्हतं, म्हणून ६० क्विंटल तूर नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक पावतीवर ७० टक्के कर्ज काढलं होतं, ३.०८ लाख. इथेही एक घोळ. ६० क्विंटलची एकच पावती केली. मग मिलला न्यायला २० क्विंटल हवी झाली तर पूर्ण कर्ज फेडल्याशिवाय माल सुटेना. पावत्या दहा-दहा क्विंटलच्या करायला हव्या होत्या. एक फेडायची, तेवढा माल उचलायचा. पुन्हा तोडून घ्यायला आठ दिवस गेले.

बारा दिवसांच्या बंदीत नऊ सभासदांची सुमारे ३० क्विंटल तूर मोंढ्यात गेली. हे जानेवारीच्या गळतीपेक्षा वाईट, कारण या वेळी ते आमच्या दारात आले होते.

भागीदार संस्थेशी यावर सरळ बोलणं झालं. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणं, सहली, माहितीपत्रकं यांना २.६ लाख आणि खेळत्या पैशाला ३. त्यातले १.५ लाख प्रशिक्षणातून फिरत्या निधीकडे वळवायला त्यांनी मंजुरी आणली. तेवढ्यावर १३ तारखेला काटा पुन्हा लागला. अशा भागीदारीत संस्थेकडून काय घ्यावं असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर: पंचेचाळीस दिवसांची उधारी पेलायचं बळ घ्या, बाकी सगळं नंतर.

१८ एप्रिल

ठेकेदाराचं बिल ५८ दिवसांनी सुटलं. ४५ च्या वरचे दिवस आमच्याच चुकीचे निघाले: चलनावर खरेदी आदेशाचा क्रमांक नव्हता आणि कोठीवाल्याची सही होती पण शिक्का नव्हता. फाइल परत आली ती बाराव्या दिवशी कळली. आता चलनाचं पुस्तकच छापून घेतलं: आदेश क्रमांक, लॉट क्रमांक, कट्टे, निव्वळ वजन, सही, शिक्का. एखादी चौकट रिकामी असेल तर चालकाने माल उतरवायचा नाही.

वजनाबाबत: कट्ट्यात ३० किलो निव्वळ हवी, कट्ट्याचं वजन वेगळं. सुरुवातीला काही कट्टे भरून ३० किलो होते. कट्ट्यामागे शंभरेक ग्रॅम कमी. ग्राहकाने तीन कट्टे रिकामे करून मोजले आणि सगळ्या खेपेवर तेवढं कापलं. बरोबरच केलं.

२५ एप्रिल

शिल्लक अख्ख्या तुरीत भुंगेरे. दाण्यावर पांढरी अंडी आधीच होती, उष्णता वाढली तशी भोकं दिसू लागली. परवानाधारक माणसाकडून ताडपत्रीखाली धुरी देऊन घेतली, सात दिवस बंद. धुरीच्या गोळ्या स्वतः हाताळू नयेत, जिवाशी खेळ आहे. ३८ क्विंटल वाचली. या भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्खा दाणा लागतो, फोडलेल्या डाळीत तो फारसा वाढत नाही. म्हणजे मार्चअखेर सगळी तूर फोडून डाळीत ठेवणं हाच उपाय. पण त्यासाठी मिलची मजुरी आधी लागते, आणि ती मार्चमध्ये नव्हती.

९ मे

४ मेला नीट परीक्षा झाली आणि ५ तारखेपासून वसतिगृहं रिकामी. खानावळीने खेप रद्द केली. निवासी शाळा आधीच सुटीवर.

लातूरमध्ये बसून ही गोष्ट आराखड्यात धरली नाही, याला काय म्हणावं! पाच महिने सारखे २८ क्विंटल असा तक्ता पुण्यात संगणकावर झाला, इथे कुणी दिनदर्शिका उघडून बघितली नाही. मेमध्ये गेली फक्त ७ क्विंटल, तीही मुख्यतः रुग्णालयाला. १५ क्विंटल सभासदांना आणि गावातल्या बचत गटांना पाच-पाच किलोने सुटी तोलून दिली, १०६ रुपयांनी. लग्नसराई होती म्हणून उचल झाली.

३० जून

हिशोब.

तूर १९६ क्विंटल, ६४ शेतकरी, सरासरी दर ७,३४०: १४,३८,६४० रुपये. मजुरी ७८,४००. वाहतूक, हमाली ३१,०००. बारदाना, वाया गेलेला धरून, १८,७५०. व्याज, गोदामभाडं, विमा आणि धुरी २१,५००. परत आलेल्या खेपेचे ६,४००. प्रयोगशाळा ४,५००. एकूण १५,९९,१९०.

डाळ झाली १३५ क्विंटल. संस्थांना ११२ (फेब्रुवारी २४, मार्च २९, एप्रिल २९, मे ७, जून २३), सरासरी ११२.५० ने १२,६०,०००. सुटी विक्री १,५९,०००. चुनी-कणी १,१६,०००. शिल्लक ८ क्विंटल, शंभराने धरली तर ८०,०००. एकूण १६,१५,०००.

उरले १५,८१० रुपये. यात व्यवस्थापकाचा पगार धरलेला नाही. तो महिना १८ हजार, भागीदार संस्था देते. म्हणजे हे काम अजून स्वतःच्या पायावर उभं नाही, हे कुणाला सांगताना लपवू नये. पहिल्या लॉटचा उतारा नंतरच्या १२६ क्विंटलसारखा (साडेसत्तर) आला असता तरी तीन क्विंटलवर डाळ आणि साधारण ३२ हजार रुपये वाढले असते. एक ऊन कमी दिल्याची ती किंमत.

खानावळीने पुढच्या वर्षासाठी महिना १५ ऐवजी १८ क्विंटल मागितली आहे, आणि मूग विचारला आहे. मुगाला सध्या नाही म्हटलं. त्यांच्याकडून तीन कागद मागवले आहेत: २०२५-२६ च्या सुट्यांची यादी, बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल, आणि बिल ज्या टेबलावर अडतं तिथल्या माणसाचं पद. पहिले दोन आले.